गिटार बदलू की गाणं?

*"दीड महिन्यापूर्वी ॲकूस्टिक गिटार हातात घेतली. जी, सी, डी, ए मायनर सुट्ट्या वाजवल्या तर बऱ्या वाजतात. सगळ्यात सोपं म्हणून 'नॉकिन ऑन हेवन्स डोअर' घेतलं, पण दर कॉर्डपाशी हात अडतो आणि ऐकणाऱ्याला गाणं ओळखूच येत नाही. डाउन-डाउन-अप-अप-डाउन-अप हा पॅटर्न एका कॉर्डवर छान बसतो, गाण्यात घातला की कोलमडतो. फोनवर गाणं लावून सोबत वाजवलं तर सूरही जुळत नाही. रोज तासभर बसते, बोटांची टोकं हुळहुळतात. माझी बोटं आखूड आहेत, त्यामुळे असेल का? गिटार बदलू की गाणं?"*
*— आखूड बोटांची*

दोन्ही राहू द्या. बदलायची आहे ती 'जी' या कॉर्डची पकड.

गाणं तुम्ही अगदी योग्य निवडलंय. बॉब डिलनने १९७३ साली 'पॅट गॅरेट अँड बिली द किड' या चित्रपटासाठी केलेलं हे गाणं म्हणजे चार बारचं (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) एकच आवर्तन आहे. कडवं असो की ध्रुवपद, कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) त्याच:

जी (२ मात्रा), डी (२ मात्रा)
ए मायनर सेव्हन (४ मात्रा)
जी (२ मात्रा), डी (२ मात्रा)
सी (४ मात्रा)

एका आवर्तनात सहा बदल. तुमचा हात या सहाही ठिकाणी अडतोय. कारण बहुधा असं की तुम्ही जी नेहमीच्या तीन बोटांनी धरता (अनामिका पहिल्या तारेवर) आणि सी पुस्तकातली, तीन फ्रेटभर (फ्रेट म्हणजे गिटारच्या गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्या) पसरलेली. या पद्धतीत प्रत्येक बदलाला सगळी बोटं हवेत जातात आणि नव्याने जागा शोधत खाली येतात. नवशिक्याला सेकंद-दीड सेकंद लागतोच. बोटांच्या लांबीचा यात काही दोष नाही.

आता ही पकड घ्या. सगळ्यात बारीक तार पहिली, सगळ्यात जाड सहावी, या हिशेबाने सांगते.

जी: मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. अनामिका दुसऱ्या तारेवर आणि करंगळी पहिल्या तारेवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटला. चौथी आणि तिसरी तार मोकळी. करंगळी सुरुवातीला कुरकुर करेल. फारच जड गेलं तर पहिला आठवडा ती ठेवूच नका, आणि पिक (तारा छेडायची चकती) पहिल्या तारेपर्यंत नेऊ नका.

डी: अनामिका आहे तिथेच. करंगळी उचला, तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, मधलं बोट पहिल्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. चौथ्या तारेपासून पुढे वाजवायचं.

सी: इथेही अनामिका तिथेच. मधलं बोट पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, तर्जनी चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, करंगळी परत पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. ही खरं तर सी ॲड नाइन. साध्या सीपेक्षा जराशी जास्त चमकते, कारण तिच्यात डी हा स्वर आलाय. तयार कानाला फरक कळेल, पण गाण्याला ती शोभते. सहावी तार वाजू द्यायची नाही. मधल्या बोटाचं टोक तिला हलकंसं टेकवून ठेवा, म्हणजे पिक चुकून लागलं तरी ती गप्प राहते.

ए मायनर सेव्हन: तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. बस, दोनच बोटं. पाचव्या तारेपासून पुढे. (यापुढे हिला नुसतं ए मायनर म्हणते.)

जी, डी आणि सी या तिन्हींत अनामिका एका जागी रोवलेली आहे, हे लक्षात आलं असेल. सीवरून जीवर जाताना तर फक्त दोन बोटं एकेक तार वर सरकतात, आकार तोच राहतो. म्हणजे सहापैकी चार बदलांत हाताला एक खुंटी मिळाली. उरले दोन: डीवरून ए मायनर आणि ए मायनरवरून जी. तुमच्या सरावाचा बहुतेक वेळ या दोनच जागांवर गेला पाहिजे. पूर्ण गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पंचवीस वेळा वाजवलं तर सोप्या जागा आणखी सोप्या होतात आणि अवघड जागेवर अडण्याचाच सराव होतो.

बोटं कोणत्या क्रमाने टेकवायची, हे सहसा कोणी सांगत नाही. डाउन स्ट्रोकमध्ये पिक जाड तारेकडून बारीक तारेकडे जातं. जाड तारेवरचं बोट आधी जागेवर हवं. बारीक तारेवरचं क्षणभर मागून आलं तरी कानाला कळत नाही. नवशिके नेमकं उलटं करतात, जे बोट जवळ असेल ते आधी टेकवतात. जीवरून डीवर जाताना मधल्या बोटाला सहाव्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत लांबचा प्रवास आहे. पण डीमध्ये चौथी तार मोकळी, तिसरीवर तर्जनी, दुसरीवर अनामिका आधीच हजर आणि पहिली तार सगळ्यात शेवटी. म्हणजे मधल्या बोटाला पोचायला सवड आहे. तर्जनी आधी टेका, मधलं बोट मागून येऊ द्या. डीवरून ए मायनरला मात्र मधलं बोट आधी (चौथी तार), मग तर्जनी. ए मायनरवरून जीला येताना परत मधलं बोट आधी, थेट सहाव्या तारेवर. पुढे सगळी बोटं एकदम पडायला लागतील, पण त्याची वाट पाहत बसू नका.

ए मायनर वाजत असताना डावा हात जवळून बघा. अनामिका आणि करंगळी रिकाम्या आहेत. बहुतेकांची करंगळी या वेळी तळहाताकडे मिटते किंवा ताठ होऊन वर जाते. तिथून तिला परत पहिल्या तारेवर आणणं म्हणजे घरापासून प्रवास. दोन्ही बोटं दुसऱ्या आणि पहिल्या तारेच्या वर, तिसऱ्या फ्रेटच्या समोर, बोटभर अंतरावर तरंगत ठेवा. चार मात्रा मिळतात, तेवढ्यात त्यांना फक्त तिथे थांबायचंय. ही एक सवय लागली की ए मायनर–जीची निम्मी अडचण जाते.

या दोन बदलांचा सराव करताना आणखी एक चूक टाळा. डी–ए मायनर–डी–ए मायनर असं पुढेमागे करू नका. गाण्यात ए मायनरवरून डीवर कधीच जायचं नाही, मग ते कशाला शिकायचं? डी, ए मायनर, जी, परत डी, ए मायनर, जी असा तिघींचा फेरा घ्या. प्रत्येक कॉर्डला एकच डाउन स्ट्रोक, आधी मेट्रोनोमशिवाय (ठेका देणाऱ्या यंत्राशिवाय), बोटं कुठून कुठे जातात ते बघत. पाच मिनिटं पुरे.

आता उजवा हात. तुमचा पॅटर्न का कोलमडतो, याचं उत्तर मोजून बघितलं तर सापडेल. डाउन-डाउन-अप-अप-डाउन-अप हा पॅटर्न चार मात्रांवर मांडा: पहिलीवर डाउन, दुसरीवर डाउन-अप, तिसरीवर काहीच नाही (हात खाली जातो, पण तारांना लागत नाही), तिच्या मागच्या अर्ध्या मात्रेत अप, चौथीवर डाउन-अप. आणि या गाण्यात डी येते ती बरोबर तिसऱ्या मात्रेवर, म्हणजे पॅटर्न जिथे रिकामा आहे तिथे. नवी कॉर्ड ठसक्यात वाजायला हवी तिथे हात हवेत. एका कॉर्डवर हे कळत नाही, म्हणून तिथे छान बसतं. पॅटर्न चांगलाच आहे, पण अर्ध्या बारला कॉर्ड बदलणाऱ्या गाण्यात नवशिक्याने तो घेऊ नये.

त्याऐवजी हा घ्या: डाउन, डाउन-अप, डाउन, डाउन-अप. पहिली आणि तिसरी मात्रा दोन्ही डाउन. जी आणि डी दोघींना सारखाच वाटा: एक डाउन, मग एक डाउन-अप. मोजायचं "एक, दोन-नि, तीन, चार-नि" असं. "एक" आणि "तीन" जरा वजन देऊन.

आणि यातला "नि" हीच तुमची पळवाट आहे. तो अप स्ट्रोक वाजतो तेव्हा डावा हात कॉर्ड सोडून निघालेला असला तरी चालतं. अपमध्ये पिक बारीकच्या दोन-तीन तारांनाच लागू द्या. मोकळ्या असल्या तर त्यांवर जी, बी आणि ई हे स्वर वाजतात, आणि तिन्ही या गाण्याच्या पट्टीतले आहेत. कानाला ते खटकत नाहीत. अनुभवी वादकांच्या हातीसुद्धा कॉर्ड बदलताना हा मोकळ्या तारांचा अप सर्रास ऐकू येतो. म्हणजे कॉर्ड "दोन" या मात्रेनंतर सोडायची आणि "तीन"ला नवी धरायची. मूळ लय मिनिटाला साधारण ७० मात्रांची आहे, म्हणजे हातात अर्ध्या सेकंदाहून किंचित कमी वेळ मिळतो. शेवटपर्यंत चिकटून बसलं तर मिळतो शून्य.

उजवा हात कोणासाठीही थांबणार नाही, एवढं पक्कं करा. डावा हात पोचला नाही, तर अर्धवट कॉर्डवर स्ट्रोक मारा, नुसत्या मोकळ्या तारांवर मारा, पण मारा. बोट चुकलं म्हणून मागे फिरून ती कॉर्ड दुरुस्त करायची नाही. हरवलात तर पुढच्या जीला पकडा, गाताना समेवर येतात तसं. तुमचं गाणं ओळखू येत नाही ते याचमुळे. चुकीच्या स्वरातूनही ओळखीचं गाणं ओळखू येतं, तुटलेल्या ठेक्यातून नाही.

हा हात स्वतंत्र चालावा म्हणून रोज दोन मिनिटं डाव्या हाताची बोटं सगळ्या तारांवर नुसती टेकवा, दाबू नका. तारा "छक छक" वाजतील. त्यावर पॅटर्न चालवा आणि कॉर्डची नावं मात्रेवर मोठ्याने म्हणा: "जी, डी, ए मायनर, जी, डी, सी." तोंड अडखळत असेल तर हातही अडखळणारच. पिक पातळ असू द्या, अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचं, आणि बोटांबाहेर त्याचं टोक चार-पाच मिलिमीटरच काढा. जास्त काढलं की अपला ते तारेत अडकतं.

मेट्रोनोम ५० वर लावून सुरू करा. चार आवर्तनं हात न थांबता गेली की ५४, मग ५८. कॉर्ड स्वच्छ वाजली की नाही हा निकष नाही, हात थांबला की नाही हाच आहे. एखाद्या वेगाला तीनदा अडलात तर दोन पायऱ्या खाली उतरा. ७० ला पोचायला तीन आठवडे लागले तर काही बिघडत नाही.

स्वच्छतेचं बघायचं ते वेगळ्या वेळी. कॉर्ड धरा आणि एकेक तार सुटी छेडा. तार झणझणत असेल तर बोट फ्रेटपासून लांब आहे किंवा दाब कमी पडतोय. बोट दोन फ्रेटच्या मधोमध नको, धातूच्या पट्टीला जवळजवळ खेटून, तिच्या अलीकडे हवं. जागा बरोबर असेल तर दाब बराच कमी लागतो. तार झणझणत नाही, नुसती "थप्" करते, तर शेजारचं बोट तिला लागतंय. डीमध्ये अनामिका आडवी होऊन पहिल्या तारेला टेकते, ए मायनरमध्ये तर्जनीचा पोटाकडचा भाग टेकतो. दोन्हींना इलाज एकच: बोटाचं शेवटचं पेर उभं करा. डाव्या हाताची नखं बोटाच्या मांसाच्या आत असली पाहिजेत, नाहीतर पेर उभं राहणारच नाही.

आखूड बोटांबद्दल. वर दिलेल्या जी, डी आणि सीमध्ये बोटं फक्त दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर आहेत, ए मायनरमध्ये पहिल्या-दुसऱ्यावर. ताणायचं कुठेच नाही. बोटं पोचत नाहीत असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा अंगठा दोषी असतो. तो गिटारच्या गळ्यावरून वर डोकावत असेल तर तळहात गळ्याला चिकटतो आणि बोटांची पोच कमी होते. अंगठा गळ्याच्या मागे, मधल्या बोटाच्या साधारण समोर ठेवा, तळहात आणि गळा यांत फट दिसू द्या. गिटारचं डोकं खांद्याच्या उंचीपर्यंत वर घ्या. गळा जमिनीकडे झुकला की मनगट मोडतं.

बोटांची टोकं हुळहुळणं आता कमी व्हायला हवं होतं. दीड महिना झालाय, एवढ्यात कातडी घट्ट होते. म्हणून गिटार एकदा तपासा. पट्टी घेऊन बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजा, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटर आणि पहिल्या तारेखाली दोनच्या आसपास असेल तर ठीक. तीनच्या वर असेल तर जाणकाराकडून ती कमी करून घ्या. त्याहून महत्त्वाची जागा म्हणजे नट, गळ्याच्या टोकाची खाचांची पट्टी. तार तिसऱ्या फ्रेटला दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा: तार आणि फ्रेट यांत कागद जाईल एवढीच फट हवी. जास्त असेल तर खाचा वर राहिल्यात, आणि तुमच्या सगळ्या कॉर्ड नेमक्या तिथेच, पहिल्या तीन फ्रेटवर आहेत. झटपट खातरजमा करायची तर पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा. एकदम सोपं वाटलं तर नट वर आहे. नवीन गिटारवर हे सर्रास आढळतं. कानस घेऊन खाचा स्वतः घासू नका. चुकून जास्त खोल गेली तर मोकळी तार झणझणते आणि मग नवा नटच बसवावा लागतो.

तारा ०.०१२ इंचाच्या, म्हणजे लाइट संचातल्या असतील तर पुढच्या वेळी ०.०१० चा एक्स्ट्रा लाइट संच घ्या. आवाज थोडा पातळ होईल, बोटांना फरक लगेच कळेल. दुखतं म्हणून नायलॉनच्या तारा मात्र चढवू नका, ही गिटार त्यांच्यासाठी बनलेली नसते.

आणि एका बैठकीत तासभर नको. पंधरा मिनिटांच्या दोन बैठका, मध्ये काही तासांचं अंतर. हात धुतल्यावर लगेच बसू नका, ओली कातडी मऊ असते आणि तारेने कापल्यासारखी होते. टोकं हुळहुळणं चालेल. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर त्या दिवशी गिटार ठेवून द्या आणि वर सांगितलेला अंगठा तपासा.

गायचं असेल तर घाई नको, पण फार लांबवूही नका. ६० च्या वेगाला हात न थांबता चालू लागला की आधी नुसतं गुणगुणा, मग शब्द सूर न लावता बोला, मग गा. एक खूण उपयोगी पडेल: पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द ए मायनरच्या पहिल्या मात्रेवर पडतो, दुसऱ्या ओळीचा शेवट सीवर. ध्रुवपदातही तसंच. ओळीच्या शेवटी आवाज आणि कॉर्ड एकत्र उतरले की मधलं आपोआप जागेवर बसतं. पट्टी खाली वाटली तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या फ्रेटला कॅपो लावा, पकडी त्याच राहतात.

राहिला सूर न जुळण्याचा प्रश्न. आधी गिटार ट्यूनरवर लावा, सहाव्या तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई, आणि हे रोज, प्रत्येक बैठकीआधी. तरीही जुळत नसेल तर तुम्ही कोणतं रेकॉर्डिंग लावताय ते बघा. डिलनचं १९७३ चं जीमध्येच आहे, त्याच्याबरोबर या कॉर्ड थेट जुळतात. गन्स अँड रोझेसचं १९९१ च्या अल्बममधलं, जे अनेकांच्या फोनवर आधी सापडतं, अर्ध्या सुराने खाली आहे. त्याच्यासोबत वाजवायचं तर सहाही तारा अर्धा सूर उतरवाव्या लागतील. कॅपो इथे उपयोगाचा नाही, तो सूर फक्त चढवतो. सध्या डिलनचंच लावा. ते ७० च्या आसपास चालतं, आणि त्याच्याबरोबर वाजवताना चुकलात तरी ते थांबणार नाही, म्हणजे तुम्हालाही थांबता येणार नाही.